प्रभारी म्हैस

एका जंगलात एक म्हैस राहत होती. तुम्ही शाळेच्या सहलीला जाऊन वेफर्सची पाकिटं टाकून येता, तसलं जंगल नव्हे. या जंगलाला तिकीट नव्हतं. म्हशीचं नाव तुळसा. सगळे तिला तुळसाक्का म्हणत. वाघसुद्धा तुळसाक्काच म्हणायचा, कारण तिची शिंगं फार मोठी होती.

मुलांनो, मला म्हशी आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत म्हशीची बाजू घेतली जाईल. ज्यांना कोल्हा आवडतो त्यांनी आत्ताच हात-पाय धुवायला उठावं.

जंगलाच्या मावळतीच्या अंगाला नदी होती आणि नदीपलीकडे दुसरं जंगल होतं. दोन्हीकडे झाडंच होती. पण इकडच्यांना तिकडचं जंगल परदेश वाटायचं आणि तिकडच्यांना इकडचं. नदी खोल होती. एकाच ठिकाणी तळाशी सपाट खडक होता आणि तिथे पाणी जेमतेम पोटापर्यंत यायचं. अशा जागेला उतार म्हणतात. त्या उतारावर, ऐन मधोमध, तुळसाक्का दिवसभर उभी असायची. उकडायचं आणि माशा चावायच्या म्हणून उभी असायची. दुसरं काही कारण नव्हतं.

ती उभी आहे म्हणजे तिथे पाय टेकतो, एवढं जनावरांना कळत होतं. म्हणून नदी ओलांडायची ती तिच्या बाजूने. फक्त एक रीत सगळे पाळायचे. म्हशीच्या तोंडासमोरून जायचं नाही, शेपटीकडून जायचं. पूर्वी एक रानडुक्कर घाईघाईत तोंडासमोरून गेलं होतं. त्याला पुढे बरेच दिवस बसता येत नव्हतं.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. तुळसाक्काला डोळ्यांत ऊन आलेलं खपायचं नाही. सकाळी ऊन उगवतीकडून, म्हणजे आपल्या जंगलाकडून यायचं. तेव्हा ती पलीकडच्या काठाकडे तोंड करून उभी राहायची. शेपटी आपल्याकडे. मग आपल्याकडची जनावरं शेपटीकडून माल घेऊन पलीकडे जायची. संध्याकाळी ऊन मावळतीकडून यायचं. तेव्हा ती वळून आपल्या काठाकडे तोंड करायची. शेपटी पलीकडे. मग गेलेली जनावरं परत यायची आणि त्यांच्याबरोबर तिकडची जनावरंही आपला माल घेऊन यायची. सकाळी जाणं, संध्याकाळी येणं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ऊन पडत होतं आणि म्हैस वळत होती.

या येण्याजाण्यावर कितीतरी जणांची पोटं भरत. त्यातली एक गोजरा नावाची अस्वलीण. तिची नजर अधू होती, सगळ्याच अस्वलांची असते. पाठीवर केस गच्च धरून तिची दोन पिल्लं बसलेली असायची. अस्वलांची पिल्लं अशीच फिरतात, त्यांना रिक्षा लागत नाही.

आपल्या जंगलात टेंभुर्णीची झाडं होती, तिकडे नव्हती. तिकडे खारी माती होती, आपल्याकडे नव्हती. गोजरा सकाळी पिकलेल्या टेंभुर्णांची पाटी डोक्यावर घेऊन पलीकडे जायची आणि संध्याकाळी पाटीभर खारी माती घेऊन यायची. ती माती ती शेवंता नावाच्या चितळणीच्या कळपाला द्यायची. हरणांना अशी माती चाटायला लागते. ती मिळाली नाही तर हरणींचा पान्हा आटतो आणि पाडसं उपाशी राहतात. कळप जंगलभर हिंडायचा, त्यामुळे नवं वारूळ कुठे उठलंय ते शेवंताला ठाऊक असायचं. ते ती गोजराला सांगायची. गोजरा जाऊन वारूळ फोडायची आणि पिल्लं पोटभर वाळवी खायची.

तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल की पिल्लांना टेंभुर्णंच का नाही चारली. चारली होती. त्याचा परिणाम गोजराच्या पाठीवर झाला. तेव्हा तो विषय संपला.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि बरं चाललेलं एका कोल्ह्याच्या नजरेला पडलं.

कोल्ह्याचं नाव दिगंबरपंत. ते दोन पावसाळे तिकडच्या जंगलात राहून आले होते आणि आल्यापासून त्यांचं प्रत्येक वाक्य ‘तिकडे’ या शब्दाने सुरू व्हायचं. तिकडे चिखलसुद्धा स्वच्छ असतो, असं ते सांगत. एक दिवस ते काठावर नुसते लोळत पडले होते. लोळता लोळता त्यांच्या ध्यानात आलं की सकाळी माल जातो, संध्याकाळी येतो आणि हे सगळं एक म्हैस ठरवते. ते ताडकन उठले आणि महाराजांकडे गेले.

महाराज म्हणजे वाघ. ते म्हातारे होते आणि नुकतेच जेवले होते. दिगंबरपंत नेहमी जेवणानंतरच जात. त्या वेळी महाराजांना डुलकी लागायची आणि मान खाली यायची. तिला मंजुरी म्हणत.

दिगंबरपंतांनी सांगितलं की राज्याचं सगळं व्यापारधोरण एका म्हशीच्या तोंडावर अवलंबून आहे. महाराजांनी विचारलं की आपल्याला व्यापारधोरण आहे का. दिगंबरपंत म्हणाले, आहे, आजच सापडलं. त्यावर महाराजांना फार आनंद झाला, कारण त्यांचं बरंच काही हरवत असे आणि सहसा सापडत नसे. त्यांची मान खाली आली.

दुसऱ्या दिवशी काठावर सुतारपक्ष्याने टोचून काढलेली पाटी लागली. ‘उतार खातं.’ तुळसाक्का खात्याची प्रमुख झाली. तिला हे सांगायला दिगंबरपंत स्वतः गेले. ती रवंथ करत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं की आता काय करायचं. उभं राहायचं, असं उत्तर मिळालं. मग तिने पुन्हा रवंथ सुरू केला.

खातं म्हटलं की अधिकारी आले. ते कुठून आणणार? तुळसाक्काच्या पाठीवर बगळे बसायचे आणि तिच्या गोचिड्या वेचून खायचे. खात्याच्या कामाशी इतका जवळचा संबंध दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून तेच अधिकारी झाले. अधिकारी झाल्यावर त्यांनी गोचिड्या वेचणं सोडून दिलं. ते काम त्यांच्या पदाला शोभणारं राहिलं नव्हतं. तुळसाक्काच्या अंगाला खाज सुटू लागली, पण ती बाब तिची वैयक्तिक मानली गेली.

पहिल्याच बैठकीत दिगंबरपंतांनी विचारलं की संध्याकाळी तिकडचा माल आपल्याकडे का येऊ द्यायचा. ‘तिकडे’ असं कुणी येऊ देत नाही. खात्याने नुसतं उभं राहू नये, आपला माल बाहेर पाठवायला जोर लावावा. म्हशीने दिवसभर पलीकडेच तोंड करून उभं राहावं, असं ठरलं. पण संध्याकाळच्या उन्हाचं काय? बगळ्यांनी पळसाच्या पानांची एक छत्री केली आणि ती तिच्या डोळ्यांपुढे धरली. शिवाय पलीकडच्या बाजूला हिरव्या गवताची पेंढी ठेवली. म्हशीला धोरण कळत नाही, गवत कळतं. ती वळली नाही. पाटी बदलली. ‘उतार प्रोत्साहन खातं.’

गोजरा टेंभुर्णांची पाटी घेऊन काठावर आली होती. तिने दिगंबरपंतांना विचारलं, ‘‘जायला मिळंल, पर यायचं कसं?’’

दिगंबरपंत म्हणाले की येणं हा वेगळा विषय आहे आणि तो या खात्याकडे नाही.

गोजरा अडाणी होती, म्हणून ती गेली नाही. बाकीचे सगळे हुशार होते, ते गेले. ससे गेले, साळिंदरं गेली, मोरांचा अख्खा जथा गेला. संध्याकाळ झाली तरी म्हशीचं तोंड पलीकडेच. परत यायचं तर तोंडासमोरून यावं लागणार, आणि ते रानडुक्कर सगळ्यांना आठवत होतं. ते तिकडेच राहिले. पुढच्या दिवशी आणखी गेले. निर्यात इतकी वाढली की अर्धं जंगल रिकामं झालं. दिगंबरपंतांनी महाराजांना सांगितलं की असा काळ पूर्वी कधीही आला नव्हता. ते खरंच होतं. महाराजांना शिकार करायला कुणी सापडत नव्हतं.

भुकेने महाराजांची डुलकी उडाली. डुलकी नसली की त्यांना प्रश्न पडत. प्रजा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. प्रजा निर्यात झाली, असं त्यांना कळलं. त्यांनी एक पंजा उगारला, आणि खात्याची भूमिका बदलली.

आता म्हशीने दिवसभर आपल्या काठाकडे तोंड करायचं, म्हणजे प्रजा परत येईल. छत्री या बाजूला आली, पेंढी या बाजूला आली. सगळे परत आले. पण एकटे आले नाहीत. काहींनी तिकडे लग्नं केली होती, तेव्हा बायका आल्या, सासरे आले, सासऱ्यांचे कंद आले. तिकडचे कंद जाड आणि गोड होते. आपल्याकडची रानडुकरं कंद विकत, ती खवळली. आपले कंद पातळ आणि कडू असले तरी आपले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी म्हशीसमोर, पण बऱ्याच अंतरावर, धरणं धरलं.

या काळात पाटीवर ‘उतार स्वागत खातं’ असं होतं. रानडुकरांनी दगड मारल्यावर ‘उतार संरक्षण खातं’ असं झालं. म्हैस तिथेच, तशीच उभी होती. एकट्या सुतारपक्ष्याचा धंदा जोरात होता.

आणि गोजरा? ती रोज नवी पाटी भरून काठावर यायची. यायला वाट होती, जायला नव्हती. ती आपली उन्हात बसून राहायची. दुपारपर्यंत टेंभुर्णं मऊ पडायची आणि संध्याकाळी त्यांना आंबूस वास यायचा. शेवंता रोज संध्याकाळी झाडाआडून बघायची आणि माती नाही म्हटल्यावर निघून जायची. तिची पाडसं दगड चाटायला लागली होती. पान्हा आटलेल्या हरणीला वारुळाची बातमी कुठून आठवणार? गोजराची पिल्लं पूर्वी तिच्या पाठीवर एकमेकांना ढकलत. आता ती नुसती पडून असत. तिला मागचं दिसत नसे, पण पाठीवरचं ओझं हलकं होत चाललंय हे तिला समजत होतं. मला ही गोष्ट सांगताना इथे नेहमी दिगंबरपंतांचा राग येतो. मी तो आवरतो, कारण तुम्ही लहान आहात.

शेवटी दिगंबरपंतांनी समतोल साधायचं ठरवलं. म्हशीने इकडेही तोंड करू नये आणि तिकडेही करू नये. तिने नदीच्या वरच्या अंगाला तोंड करावं. यामुळे कुणावरच अन्याय होणार नव्हता. बगळ्यांनी पंख वाजवले. छत्री आणि पेंढी वर गेली, तुळसाक्का वळली आणि तिची शेपटी नदीच्या खालच्या अंगाला झाली.

रीत तर तीच होती, शेपटीकडून जायचं. म्हणजे आता दोन्ही काठांच्या जनावरांनी खालच्या अंगाकडून यायचं. खालच्या अंगाला डोह होता आणि डोहात मगर होती. मगरीने नव्या धोरणाचं जाहीर स्वागत केलं. खात्याला इतक्या दिवसांत प्रथमच व्यापाराची नाडी सापडली आहे, असं ती म्हणाली. पहिल्या दिवशी तीन सासरे गेले. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. पण नंतर महाराजांचा एक भाचा गेला आणि चौकशी लागली.

चौकशी बगळ्यांनीच केली. अनुभव त्यांच्याकडेच होता. त्यांना असं आढळलं की चूक म्हशीची नाही, मगरीची नाही, धोरणाची तर नाहीच नाही. खातं व्यापाराच्या फार जवळ उभं आहे, ही खरी अडचण आहे. इतक्या जवळून निःपक्षपातीपणे दिसत नाही. नुसतं पाण्यात उभं राहणं हे एवढ्या मोठ्या खात्याचं काम नव्हे. खात्याने उंचावरून दिशा दाखवावी. ‘तिकडे’ सगळी खाती उंचावर असतात, असं दिगंबरपंतांनी सांगितलं. महाराजांना तोवर जेवण मिळायला लागलं होतं, तेव्हा मान वेळेवर खाली आली.

तुळसाक्काला नदीतून काढून टेकडीवर नेलं. ती चढायला तयार नव्हती, पेंढी पुढे धरून चढवावी लागली. टेकडी उघडीबोडकी होती, म्हणजे कुठूनही दिसावी अशी. पाटी मोठी झाली. ‘उतार दिशादर्शन महाखातं.’ बगळे आता मोकळेपणाने बसू लागले, कारण खाली पाय ओले होत नव्हते. तुळसाक्काची कातडी उन्हाने तडकायला लागली. तिने चिखल मागितला. चिखलाऐवजी तिला रोज भोपळाभर पाणी मंजूर झालं. ते दिगंबरपंत स्वतःच्या हाताने तिच्या कपाळावर शिंपडत.

तिकडच्या जंगलातही हुशार प्राणी होते. आपली म्हैस टेकडीवर गेल्याचं कळताच त्यांनीही एक म्हैस शोधली आणि समोरच्या टेकडीवर नेऊन उभी केली. त्या दोघी दिवसभर एकमेकींकडे बघत असत. दोन्हीकडचे बगळे त्याला बोलणी म्हणत आणि बोलणी सकारात्मक वातावरणात चालली आहेत असं सांगत.

खाली उतारावर आता कुणीच नव्हतं. नदीत जागा तीच होती, खडक तोच होता, पण म्हशीशिवाय कुणाला तो सापडेना. इतकी वर्षं सगळ्यांनी म्हैस पाहिली होती. पाण्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

एका सकाळी गोजराचं धाकटं पिल्लू पाठीवरून गळून खाली पडलं. त्याच्यात केस धरण्याची ताकद उरली नव्हती. गोजराने त्याला उचललं, चाटलं, पुन्हा पाठीवर ठेवलं आणि ती थेट टेकडी चढायला लागली. बगळ्यांनी तिला अडवून भेटीचं कारण विचारलं. तिने एक पंजा हलवला. बगळे बैठकीला गेले.

‘‘आक्का,’’ गोजरा म्हणाली, ‘‘तू मला का अडवलंस गं?’’

तुळसाक्काने मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे चिपडांनी भरले होते. ‘‘मी?’’ ती म्हणाली. ‘‘मी जल्मात कुणाला अडवलं न्हाई आन् कुणाला सोडलंबी न्हाई. डोळ्यांत ऊन यायचं म्हनून फिरायची बाई मी.’’

गोजरा म्हणाली की मग उतार कुठे आहे ते तरी सांग.

‘‘हितनं मला नदीच दिसत न्हाई,’’ तुळसाक्का म्हणाली. ‘‘पायाला इचार. पाय टेकला की फुडं जायाचं, न्हाई टेकला की मागं यायचं. दुसरं काय असतंय त्यात?’’

मुलांनो, राज्याच्या इतिहासात त्या खात्याने दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला होता. तो कुठेही नोंदला गेला नाही.

गोजरा खाली आली. तिने ताज्या टेंभुर्णांची पाटी डोक्यावर घेतली आणि नदीत पाय घातला. एक पाय पुढे, टेकला. दुसरा पुढे, टेकला नाही, मागे घेतला. अशी चाचपत चाचपत ती मधोमध आली. तिथे खडक सपाट होता आणि पाणी पोटाशी होतं. ती दम खायला थांबली. सकाळची वेळ होती, तिचं तोंड पलीकडे होतं.

काठावरच्या जनावरांनी मान वर केली. उताराच्या मधोमध कुणीतरी उभं होतं. काळं होतं, केसाळ होतं, डोक्यावर काहीतरी मोठं होतं आणि पाठीवर काहीतरी बसलेलं होतं. तोंड पलीकडे, पाठ आपल्याकडे. अस्वलाला शेपटी नावापुरतीच असते, पण एवढ्या दिवसांनी शेपटीचा आग्रह कोण धरतो? सगळं जंगल धावत सुटलं. ससे, साळिंदरं, मोर, सासरे, सगळे गोजराच्या बाजूने पलीकडे जाऊ लागले. शेवंताचा कळपही गेला आणि त्या दिवशी हरणांनी खारी माती स्वतःच चाटली.

गोजराने पुढे जायला पाय उचलला, तशी सगळी जनावरं ओरडली. हलू नका, आम्ही वाहून जाऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. तिने पाय खाली ठेवला. दिवसभर ती तशीच उभी राहिली. संध्याकाळी मावळतीचं ऊन डोळ्यांत शिरलं म्हणून ती वळली आणि गेलेले सगळे तिच्या मागून परत आले. तिची टेंभुर्णं डोक्यावरच आंबली.

दिगंबरपंत काठावर येऊन थांबले होते. गोजराचं अस्वल असणं अडचणीचं आहे हे त्यांनी मान्य केलं, पण मार्ग निघू शकतो असं सांगितलं. त्याच ठिकाणी, त्याच क्षणी, त्यांनी गोजराची ‘प्रभारी म्हैस’ म्हणून नेमणूक केली. पक्की म्हैस मिळेपर्यंत.

गोजरा म्हणाली की तिला म्हैस व्हायचं नाही, तिला फक्त पलीकडे जायचंय, पिल्लं उपाशी आहेत. दिगंबरपंतांनी फार समजुतीने सांगितलं की तुम्ही गेलात तर बाकीचे कसे जाणार. आणि पिल्लांची काळजी करू नका, खात्याच्या प्रमुखाला वारूळ घरपोच मिळतं.

ते खरं निघालं. त्या संध्याकाळी दोन रानडुकरांनी एक अख्खं वारूळ लोटत गोजराच्या गुहेशी आणलं. पिल्लं त्यात तोंड खुपसून खात राहिली. गोजरा बाजूला बसून त्यांचा आवाज ऐकत होती आणि रडत होती. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. तिला कोण नावं ठेवील? मी तर ठेवणार नाही.

इकडे टेकडीवर तुळसाक्काने एक दिवस मान झटकली, छत्री उडवून लावली आणि ती चालायला लागली. बैठक चालू होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती बांबूच्या बेटामागच्या एका डबक्यात जाऊन नाकापर्यंत बुडाली. तिथे तिला नवे बगळे भेटले, साधे, गोचिड्या खाणारे. महाखातं टेकडीवर अजून चालू आहे. म्हैस नसल्याने बसायला अधिक जागा झाली आहे.

गोजरा रोज उतारावर उभी राहू लागली. पहिले काही दिवस ती सकाळी पलीकडे आणि संध्याकाळी अलीकडे तोंड करायची आणि सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. मग जुने बगळे तिच्याकडे येऊन बसू लागले. त्यांनी तिला समजावलं की रोज तेच केलं तर खातं झोपलंय असं लोकांना वाटतं. अधूनमधून दिशा बदलावी. दिशा बदलली की काठावर गर्दी थांबते, सगळे आपल्याकडे बघतात, आक्का आक्का म्हणतात. तिने एकदा करून बघितलं. खरंच सगळे आक्का म्हणाले. वारूळ तर काहीही केलं तरी येतच होतं. टेंभुर्णांची पाटी तिने घरातल्या कोपऱ्यात टाकली आणि तिच्यावर पिल्लं झोपू लागली. ती गुटगुटीत झाली होती.

अशाच एका सकाळी गोजराची धाकटी बहीण बकुळा नदीवर आली. ती लांबच्या दरीतून आली होती. डोक्यावर टेंभुर्णांची पाटी, पाठीवर दोन रोडकी पिल्लं. त्यांच्या दरीकडच्या हरणांनाही माती मिळाली नव्हती. ती उताराशी आली आणि थबकली. सकाळ असूनही गोजराचं तोंड आपल्या काठाकडे होतं. उगवतीचं ऊन थेट तिच्या डोळ्यांत शिरत होतं. डोळे लाल झाले होते, त्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण ती जागची हलत नव्हती.

‘‘ताई, मी बकुळा,’’ काठावरून बकुळा म्हणाली. ‘‘अगं, डोळ्यांत ऊन जातंय की तुझ्या. जरा फीर की पलीकडं, म्हंजे मीबी जाईन. पोरं उपाशी हायेत.’’

गोजराने डोळे पुसले नाहीत. ती बोलली तेव्हा तिचा आवाज दिगंबरपंतांसारखा वाटत होता.

‘‘ऊन बघून तोंड फिरवायला,’’ ती म्हणाली, ‘‘मी काय म्हैस आहे?’’

बकुळा काठावर बसली. तिने पाटी खाली ठेवली आणि पिल्लांवर सावली पडेल अशी ती वळून बसली.

तात्पर्य : ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे अगदी खरं आहे. म्हणून अशा माणसाला ताबडतोब खात्यात घ्यावं. जळायचं थांबतं आणि कळायचंही.